चाकं गोल दिसायला हवीत

संगणकाच्या पडद्यावर मोटारसायकलीचं चाक लंबगोल दिसत असेल, तर तो शर्यतीचा खेळ मला खेळवत नाही. ही तक्रार बहुतेकांना क्षुल्लक वाटते. "गाडी पळतेय ना? मग झालं की!" हे उत्तर मी घरात ऐकलंय, मित्रांकडून ऐकलंय आणि संगणक दुरुस्तीच्या दुकानातही ऐकलंय. माझं म्हणणं असं की काहीही झालेलं नसतं. गाडी पळणं ही शर्यतीच्या खेळातली सगळ्यात सोपी बाब आहे. ती दोन गाड्यांमधून जाईल का, किती वेगाने जातेय आणि सांगितल्यावर कधी वळतेय, हा खरा खेळ. आणि घरच्या संगणकावर जुने खेळ लावायला बसलं की नेमक्या याच तीन गोष्टी बिघडलेल्या मिळतात.

एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम. तो उतरवून घ्यायला फार वेळ लागत नाही, बहुधा पैसेही पडत नाहीत. ज्यांनी हे प्रोग्राम लिहिले त्यांनी वर्षानुवर्षं रात्री जागून, एकेका चिपचं वागणं तपासून ते लिहिले, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. इटलीच्या निकोला साल्मोरियाने १९९७ साली 'मेम' हा प्रकल्प सुरू केला नसता, तर गेम पार्लरमधल्या यंत्रांबरोबर कित्येक खेळही भंगारात गेले असते. म्हणूनच तक्रार करावीशी वाटते. एवढं अवघड काम पार पडल्यावर त्याचा आनंद दोन-तीन सेटिंगांपायी हातचा जावा, हे मला पटत नाही.

आधी चित्राचा आकार. जुने खेळ चारास तीन या प्रमाणातल्या पडद्यासाठी काढलेले असत. आजचे बहुतेक पडदे सोळास नऊ. जुनं चित्र नव्या पडद्यावर कडेपर्यंत ताणलं की त्याची रुंदी एक तृतीयांशाने वाढते आणि उंची आहे तेवढीच राहते. निन्टेन्डोच्या १९८४ सालच्या 'एक्साइटबाइक'मध्ये गाडी बाजूने दिसते. त्या गाडीची चाकं आडवी फुगलेली पाहिली की उडी मारल्यावर पुढचं चाक जमिनीला कधी टेकणार, याचा अंदाजच येत नाही, आणि तो खेळ तर त्या टेकण्यावरच उभा आहे.

डॉसच्या काळातल्या खेळांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. त्यांचं चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचं असे, पण त्या काळच्या मॉनिटरवर ते ठिपके चौरस नव्हते. प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा एक पंचमांशाने उंच असे, आणि चित्रकाराने ते धरूनच चित्र काढलेलं असे. डॉसचे खेळ चालवणाऱ्या डॉसबॉक्स या एम्युलेटरच्या सर्वत्र पसरलेल्या ०.७४ आवृत्तीत हे प्रमाण दुरुस्त करण्याची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. एका साध्या मजकुराच्या फायलीत जाऊन एक शब्द बदलावा लागतो. तो बदलला नाही तर १९८७ च्या 'टेस्ट ड्राइव्ह'मधला डॅशबोर्ड चपटा होतो, वेगाचा गोल काटा बसका दिसतो आणि १९९० च्या 'स्टंट्स'मधल्या रस्त्यांचे चढ आहेत त्यापेक्षा सोपे वाटतात.

काळ्या पट्ट्यांबद्दल एकदाचं सांगून टाकतो. चित्र योग्य प्रमाणात ठेवलं की पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळी जागा उरते. ती उरायलाच हवी. माझा भाचा घरी आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मामा, स्क्रीन पूर्ण भरत नाहीये," आणि मी पाणी आणायला आत गेलो की टीव्हीच्या रिमोटवरचं एखादं बटण दाबून तो चित्र ताणून ठेवतो. त्याला मी समजावून सांगितलं आहे की ताणलेल्या चित्रात रस्ता खोटा रुंद होतो, दोन गाड्यांमधली फट मोठी भासते, आणि गाडी बाजूला सरकते तेव्हा ती पुढे जाण्याच्या मानाने जास्त सरकल्यासारखी वाटते. फटीचा अंदाज चुकला की टक्कर होते. तो म्हणतो, "पण मोठं दिसतं ना!" टीव्ही बनवणाऱ्यांचंही तेच मत असावं, कारण चित्र ताणण्याचं बटण रिमोटवर चटकन सापडतं आणि मूळ प्रमाणात ठेवण्याची सोय मेनूच्या तळाशी असते.

आता वेग. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात घरोघरी जो 'व्हिडिओ गेम' आला तो निन्टेन्डोच्या मूळ जपानी यंत्राची स्वस्त नक्कल होती. त्याच्या कॅसेटवर '९९९९ इन १' असं छापलेलं असे आणि आत मोजके खेळ पुन्हा पुन्हा येत. त्यातला 'रोड फायटर' कोनामी कंपनीचा, पार्लरमध्ये १९८४ साली आणि घरच्या यंत्रावर १९८५ साली आलेला. वरून दिसणारा रस्ता, सतत उतरत जाणारं पेट्रोल, धडकलो की आणखी कमी होणारं पेट्रोल, आणि ते भरून देणारी एक वेगळी रंगीत गाडी. आमच्या पिढीतल्या पुष्कळांची पहिली शर्यत हीच.

हा खेळ एम्युलेटरवर लावला की तो आठवणीपेक्षा वेगाने पळतो. लोक म्हणतात वय झालं, हात मंदावले. हात मंदावलेले नाहीत. जपानी यंत्र सेकंदाला ६० चित्रं काढी. आपल्याकडचे तेव्हाचे टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांचे, आणि अशा टीव्हीसाठी केलेली नकली यंत्रंही ५० चित्रं काढत. गाडीची चाल चित्रांच्या मोजणीला बांधलेली असल्यामुळे सगळा खेळ सहाव्या भागाने संथ होई. गंमत म्हणजे त्या यंत्रांच्या मुख्य चिपचा ठेका जपानी यंत्राच्या जवळपास ठेवलेला होता, त्यामुळे संगीताचा सूर बदलत नसे, फक्त लय उतरे. म्हणूनच खेळ संथ चाललाय हे कधी कुणाच्या कानाला खटकलं नाही.

एम्युलेटर मात्र खेळ जपानी आहे असं धरून ६० वर चालवतो. आपला ५० चा वेग हवा असेल तर प्रदेशाच्या यादीत 'डेंडी' निवडावं लागतं. डेंडी हे १९९२ पासून रशियात विकल्या गेलेल्या नकली यंत्राचं नाव. नागपूरच्या किंवा सांगलीच्या माणसाने आपल्या लहानपणचा वेग रशियन यंत्राच्या नावाखाली शोधावा, हे त्याला कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार? त्या नावापुढे '५० चित्रं, नकली यंत्रं' एवढे चार शब्द कुणीतरी घालायला हवे होते. पार्लरचे खेळ मी ६० वरच खेळतो, ते तसेच बनवले होते. 'रोड फायटर' मला ५० वर हवा, कारण मी तो तसाच शिकलो, आणि यात बरोबर-चूक ठरवण्याचा अधिकार मी मूळ निर्मात्यांनाही देणार नाही.

वेगाचा दुसरा प्रकार डॉसच्या खेळांचा. त्यातले काही प्रोसेसर जेवढ्या जोरात चालेल तेवढे पळतात. म्हणून डॉसबॉक्समध्ये प्रोसेसरचा जोर कमी-जास्त करायला कंट्रोलबरोबर एफ ११ आणि एफ १२ दिलेले आहेत. पण बऱ्याच लॅपटॉपवर या कळा आवाज किंवा उजेड बदलायच्या कामाला लावलेल्या असतात, त्यामुळे शर्यत हळू करायला जावं आणि पडदा अंधारावा असं होतं. त्यासाठी कोपऱ्यातली आणखी एक कळ दाबून धरावी लागते. एकूण तीन कळा, आणि दुसऱ्या हातात स्टिअरिंग.

स्टिअरिंगचं दुःख मोठं आहे. सेगाचा 'आऊटरन' १९८६ साली यु सुझुकी यांनी पार्लरसाठी केला तेव्हा त्याला खरं चाक होतं, ॲक्सिलरेटर आणि ब्रेकचे पेडल होते, दोन जागांचा गिअर होता. मोठ्या आवृत्तीत तर बसायची गाडीच वळणाबरोबर हले. पंधरा टप्प्यांचा रस्ता, दर टप्प्याअखेर डावी-उजवी वाट निवडायची, एका फेरीत पाच टप्पे आणि शेवट पाच वेगवेगळे. निघण्याआधी रेडिओवर तीनपैकी एक धून निवडायची. इतक्या विचाराने घडवलेला खेळ आपण घरी बाणांच्या कळांवर खेळतो. बाणाची कळ दाबली म्हणजे पूर्ण वळण आणि सोडली म्हणजे शून्य, मधलं काहीच नाही. आऊटरनमधली लांबलचक वळणं मात्र सगळी मधल्यावरच घ्यायची असतात.

मेममध्ये यावर उपाय आहे. टॅब दाबलं की मेनू उघडतो आणि त्यात ॲनालॉग नियंत्रणांचं पान असतं. कळ दाबल्यावर चाक किती भरभर फिरावं, सोडल्यावर किती भरभर मध्यावर यावं, आणि एकूण किती हळवं असावं, हे तिथे आकड्यांत ठरवता येतं. आकडे बदलून पाहिले की खेळ खरंच सुधारतो. माझी तक्रार अशी की त्या आकड्यांचा अर्थ त्या पानावर कुठेही लिहिलेला नाही आणि शर्यतीच्या प्रत्येक खेळाला ते वेगळे लागतात. मग माणूस आऊटरन खेळण्याऐवजी आऊटरनचे आकडे खेळत बसतो. त्यात स्वस्त कीबोर्डची खोड अशी की काही ठरावीक तीन कळा एकाच वेळी दाबल्या की तिसरी पोचतच नाही. 'रोड रॅश'मध्ये वेग, वळण आणि लाथ या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी लागतात. सायबर कॅफेत शेजारच्या पोराने लाथ हाणली आणि आपली बसली नाही, तर त्यात आपला दोष असेलच असं नव्हे.

म्हणून गेमपॅड घ्यावा, तर तिथे वेगळं दुखणं. पॅडच्या खांद्यावर दोन ट्रिगर असतात. उजवा ॲक्सिलरेटरला, डावा ब्रेकला, याहून सोयीची मांडणी नाही. पण विंडोजच्या जुन्या डायरेक्टइनपुट पद्धतीत हे दोन्ही ट्रिगर एकाच अक्षावर धरले जातात. एक वर ओढतो, दुसरा खाली, आणि दोन्ही दाबले की एकमेकांना रद्द करतात. वळणावर ॲक्सिलरेटर न सोडता ब्रेकला हलका स्पर्श करायचा असेल तर गाडीला दोन्ही कळत नाहीत. एम्युलेटरमध्ये त्याऐवजी एक्सइनपुट निवडलं की हा प्रश्न मिटतो. फक्त ते निवडायचं असतं हे माहीत हवं.

या सगळ्यात एक चांगली गोष्ट आहे, आणि ती लपवून ठेवल्याबद्दल मला सगळ्यात जास्त राग येतो. पहिला प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्ये जपानात आला तेव्हा त्याच्याबरोबर नाम्कोचा 'रिज रेसर' आला. त्या यंत्राच्या पॅडला तेव्हा फिरणारी काठीच नव्हती. काठी असलेला ड्युअलशॉक १९९७ सालचा. म्हणून नाम्कोने १९९५ मध्ये 'नेगकॉन' नावाचा खास पॅड काढला. तो मधोमध पिळता येई. जितका पिळावा तितकं चाक फिरे, आणि त्याची काही बटणंही दाबाप्रमाणे काम करत. आता डकस्टेशनसारख्या एम्युलेटरमध्ये नियंत्रकांच्या यादीतून नेगकॉन निवडता येतो. आपल्या पॅडची काठी त्याच्या पिळाला आणि ट्रिगर त्याच्या बटणांना जोडले की रिज रेसर अक्षरशः दुसरा खेळ होतो. वळणात गाडी हळूहळू घसरवता येते, सावरता येते. पुढचा 'ग्रॅन टुरिस्मो'ही नेगकॉन ओळखतो. हे एवढं मोलाचं ज्ञान एका घडी केलेल्या यादीत, कुठल्याही खुलाशाविना, चार अनोळखी नावांच्या मध्ये ठेवलेलं आहे. नवा माणूस तिथे कधी बोट नेणारच नाही. तो बाणांवर दोन शर्यती खेळेल, भिंतीवर आपटेल आणि म्हणेल, जुन्या खेळांत काही अर्थ नव्हता.

उशिराबद्दल थोडक्यात. ताशी ३०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ८३ मीटर. बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग गेला, तर गाडी ८ मीटर पुढे गेलेली असते. हा उशीर थेंबाथेंबाने साचतो: थोडा बिनतारी पॅडमध्ये, थोडा एम्युलेटरमध्ये, आणि बराचसा टीव्हीमध्ये, कारण टीव्ही चित्र दाखवण्याआधी ते नितळ करत बसतो. टीव्हीत 'गेम मोड' असतो तो चालू करावा. रेट्रोआर्च या एम्युलेशनच्या प्रोग्राममध्ये 'रन-अहेड' नावाची सोय आहे. ती पुढची काही चित्रं आधीच काढून ठेवते आणि उशीर कापते. चांगल्या प्रोसेसरवर ती लावून पाहावी. ब्रेक आपल्या बोटाखाली परत येतो.

फायलींचा विषय मला नकोसा आहे, पण सुरुवात करणारा अडखळतो तो तिथेच. मेममध्ये प्रत्येक खेळाचं नाव मुळात आठ अक्षरांत कोंबलेलं, कारण सुरुवात डॉसवर झाली. 'पोल पोझिशन'चं 'पोलपॉस' झालं ते त्यामुळे. खेळाची झिप फाइल उघडायची नाही, तिचं नाव बदलायचं नाही. शिवाय मेमची नवी आवृत्ती आली आणि एखाद्या चिपची नक्कल अधिक अचूक मिळाली, की जुनी झिप चालेनाशी होऊ शकते. फायली अपुऱ्या आहेत एवढंच पडद्यावर येतं. ही झिप कोणत्या आवृत्तीला चालली असती ते येत नाही. कुलूप बदललं तर निदान ते बदलल्याचं सांगावं.

स्वतःच्या सीडीवरून प्रत काढणं हा मला त्यातल्या त्यात सरळ मार्ग वाटतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ कायदेशीरपणे जवळ असलेल्या संगणक प्रोग्रामची राखीव प्रत करू देतं. पण नव्या संगणकाला सीडी ड्राइव्ह नसतो, तो वेगळा आणून यूएसबीला लावावा लागतो. मग प्रत निघते ती दोन प्रकारच्या फायलींत: एक बिन, एक क्यू. क्यू ही नुसत्या मजकुराची छोटी फाइल, तिच्यात बिनचं नाव लिहिलेलं असतं. कुणी नीटनेटकेपणाने बिनचं नाव बदललं की क्यूला ती सापडत नाही आणि खेळ उघडत नाही. रिज रेसरचं संगीत तर सीडीवर गाण्यांच्या पट्ट्या म्हणून वेगळं ठेवलेलं आहे. पहिलीच पट्टी उतरवली तर खेळ चालतो, इंजिन घुमतं, पण संगीत नाही, आणि काहीही चुकल्याचा निरोप येत नाही. मुका रिज रेसर खेळून लोक समाधान मानतात याचं मला फार वाईट वाटतं. ते संगीत त्या गाडीचा अर्धा वेग आहे.

फोल्डरचं नाव मराठीत ठेवू नये, हेही सांगायला हवं आणि सांगताना त्रास होतो. कित्येक जुने प्रोग्राम देवनागरी वाचत नाहीत. 'खेळ' नावाच्या फोल्डरमधली फाइल त्यांना प्रश्नचिन्हांच्या रांगेसारखी दिसते आणि सापडत नाही.

ग्रॅन टुरिस्मो सुरू करणाऱ्यांसाठी एक सूचना कळकळीने करतो. त्या खेळात परवान्याच्या परीक्षा द्याव्या लागतात, १०,००० क्रेडिटमध्ये पहिली जुनी गाडी घ्यावी लागते, शर्यती जिंकून गॅरेज वाढवावं लागतं. ही कमाई आभासी मेमरी कार्डावर राहते. एम्युलेटरची 'सेव्ह स्टेट' मात्र त्या क्षणाचं सगळं यंत्र जसंच्या तसं साठवते, आणि कित्येक एम्युलेटरांत त्यात मेमरी कार्डही येतं. जुनी स्थिती परत आणली की नंतर कमावलेल्या गाड्या आणि परवाने जाऊ शकतात. म्हणून या खेळापुरती सेव्ह स्टेट वापरूच नये. खेळाच्या मेनूतूनच साठवावं, जसं १९९७ च्या अखेरीस खेळ बाहेर पडला तेव्हा लोक साठवत होते.

इतका खटाटोप करण्यापेक्षा खेळ विकत का घेत नाहीस, असं मला विचारतात. घेईन की, पण शर्यतीचे खेळ इतर खेळांच्या आधी दुकानातून जातात. त्यात खऱ्या गाड्या असतात आणि खऱ्या गाड्या दाखवायचा करार ठरावीक वर्षांचा असतो. 'आऊटरन ऑनलाइन आर्केड' २००९ मध्ये आला आणि फेरारीशी असलेला करार संपल्यावर विक्रीतून काढला गेला. २०१८ चा 'फोर्झा होरायझन ४' डिसेंबर २०२४ मध्ये विक्रीतून गेला. कोडी, नेमबाजी, उड्या मारणारे प्लंबर दशकानुदशकं पुन्हा पुन्हा विकले जातात; शर्यतींचे रस्ते मात्र बोनेटवरच्या बोधचिन्हापायी बंद होतात. मूळ आऊटरनमधली लाल गाडी उघडउघड फेरारी टेस्टारोसासारखी होती. सेगाने पुढे निन्टेन्डोच्या थ्रीडीएस यंत्रासाठी तो खेळ पुन्हा काढला तेव्हा गाडीचं चित्र बदललं आणि बाकी सगळं ठेवलं: तोच समुद्रकिनारा, त्याच वाटा, त्याच धुनी. गाडी वेगळी आहे हे दुसऱ्या टप्प्यानंतर आठवतही नाही. जे या एका खेळासाठी करता आलं ते इतरांसाठीही करावं. गाड्यांची नावं खोडा, चित्रं बदला आणि खेळ दुकानात ठेवा. बोधचिन्ह नसलेल्या गाडीचे पूर्ण पैसे मी आनंदाने देईन.